पालकाच्या पानातला बांध

पालकाची जुडी हातात आली की माझी जीभ आवरत नाही. घरच्यांनी याची सवय करून घेतली आहे. भाजी निवडता निवडता मी एखादं पान खिडकीच्या उजेडाकडे धरते आणि म्हणते, "या एवढ्याशा पानात किती पडदे घालून ठेवलेत, काही कल्पना आहे?" नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणतो, "डाळीत पडलं की मोजू." इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून घरात माझा एवढाच प्रभाव पडला आहे.

पण मला त्या पडद्यांचं कौतुक आहे ते आहेच. पानाच्या हिरव्या पेशींमध्ये हरितलवकं असतात, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हिरव्या गोळ्यांसारखी दिसतात. प्रत्येकाला बाहेरून दुहेरी आवरण. आत पातळसर द्रव, आणि त्या द्रवात चपट्या, चारी बाजूंनी बंद पिशव्यांच्या चळती, मांडणीत थाळीवर थाळी ठेवावी तशा. एका चळतीतून दुसरीकडे पट्ट्या गेलेल्या असतात, त्यामुळे आतल्या पोकळ्या सगळीकडून एकमेकींना जोडलेल्या. या पिशव्यांना थायलाकॉइड म्हणतात. पिशवीची भिंत, म्हणजे पुस्तकातलं पटल, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांची. बस्स, दोनच थर. पानाचा सगळा हिरवेपणा त्या भिंतीत रुतून बसलेला असतो.

त्या भिंतीवर उजेड पडला की तिच्यातली यंत्रणा पाणी फोडते. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू तिथे मोकळा होतो. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन भिंतीतून हातोहात पुढे जातात आणि जाताना प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे कण, पिशवीच्या आत ढकलत राहतात. आत गर्दी, बाहेर टंचाई. बाहेर पडायला एकच वाट ठेवलेली, आणि त्या वाटेत एक फिरतं यंत्र बसवलेलं. गर्दी बाहेर पडताना यंत्र फिरवते, त्या फिरण्यातून ऊर्जा साठते, आणि त्या ऊर्जेवर बाहेरच्या द्रवात साखर तयार होते. तुमची पोळी, माझा भात, सगळं त्या साखरेचं. एवढा संसार दोन थरांच्या भिंतीवर उभा आहे, आणि ती भिंत धड असली तरच तो चालतो.

हे मी दरवर्षी फळ्यावर बाणांसकट काढते. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. खरं सांगायचं तर मलाही ते बाण नुसते पाठ झाले होते. ते मला समजावले आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनी, आणि त्याआधी मी त्यांचा चारचौघांत अपमान करून बसले होते.

मी डोंबिवलीतल्या एका कॉलेजात शिकवते. आमचा विभाग लहान, शेवटच्या वर्षाला गेल्या खेपेला सहाच मुलं होती. मावशी या विभागाच्या परिचर. त्यांचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, वडील मिठागरात कामाला होते. सासर कोपरच्या जुन्या वस्तीतलं. सासू बाजारात मासळी विकायची आणि लग्नानंतर काही वर्षं मावशीही त्या पाटीवर बसल्या. मग आमच्याकडे लागल्या. लागल्या म्हणजे काय, तर दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची आणि पुढच्या मे महिन्यात संपायची. अशी एकवीस वर्षं. ऑर्डर निघेपर्यंत त्या कोणाशी फारसं बोलायच्या नाहीत, आणि निघाली की पहिल्या दिवशी सगळ्या काचा खिडक्यांसकट धुऊन काढायच्या.

काम असं की नाव ठेवायला जागा नाही. कुठली ब्युरेट गळते, कुठल्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू अर्धा आटा फिरवून मागे घ्यावा लागतो, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. परीक्षानळी धुतली की उजेडात धरून बघायच्या आणि एक डाग दिसला तरी परत धुवायच्या. आमच्या फ्रीजमधला बर्फ नखाएवढा, म्हणून प्रयोगाच्या दिवशी त्या पहाटे मासळीबाजारातून थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचा चुरा घेऊन यायच्या. सगळी मांडामांड करायच्या. आणि मुलं आत आली की मागच्या खोलीत निघून जायच्या. परिचराने तास चालू असताना समोर थांबायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. कुणी पाडली माहीत नाही, पण मी ती कधी मोडली नव्हती.

तर परीक्षेचा दिवस. शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं आणि मी मुद्दाम माझा लाडका प्रयोग ठेवला होता. पालकाची पानं गार पाण्यात वाटायची, मलमलमधून गाळायची, यंत्रात गरगरा फिरवून हिरवा साका खाली बसवायचा, आणि बाहेरचं आवरण फोडून आतल्या पिशव्या तेवढ्या धुऊन घ्यायच्या. मग त्या अगदी सौम्य क्षारांच्या पाण्यात ठेवायच्या, त्यात एक मदतनीस रसायन टाकायचं आणि सामू, म्हणजे पीएच, मोजायचं मीटर बुडवायचं. दिवा लावला की पिशव्या बाहेरचे प्रोटॉन आत ओढतात, बाहेरच्या पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि मीटरवरचा आकडा वर सरकतो. दिवा विझवला की हळूहळू खाली येतो. पान नाही, झाड नाही, नुसता हिरवा गाळ, आणि तरी तो उजेड ओळखतो. मी हा प्रयोग कितीदा केलाय आणि दर वेळी आकडा सरकला की माझ्या अंगावर काटा येतो.

यात जोखीम एकच. हा गाळ फार नाजूक असतो, बाहेर राहिला तर तासाभरात निकामी होतो, म्हणून वापरेपर्यंत बर्फात ठेवावा लागतो. मी सकाळी साडेसहापासून उभी राहून तो तयार केला. साडेआठला बाहेरच्या परीक्षकांचा फोन आला. ते नवी मुंबईहून येत होते आणि शीळफाट्याला अडकले होते. पुढे कंटेनर आडवा झालाय, कधी सुटू सांगता येत नाही म्हणाले. माझा जीव टांगणीला लागला. फोन कानालाच ठेवून मी मावशींना म्हटलं, "मावशी, उशीर होतोय. या नळ्या मासळी ठेवतात ना, तशा घट्ट बर्फात ठेवा. गार राहिल्या पाहिजेत, बास."

परीक्षक आले सव्वाअकराला. पहिल्या मुलीने नळी घेतली, दिव्यासमोर पाण्याचा चंबू ठेवला, म्हणजे उजेड जातो आणि उष्णता अडते, आणि दिवा लावला. आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्याचा नाही, तिसरीचा नाही. मुलं माझ्याकडे बघायला लागली. परीक्षक भला माणूस. त्यांनी दुसरा, सोपा प्रयोग करून बघायला सांगितला. त्याच गाळात निळा रंग टाकायचा आणि उजेडात ठेवायचा, इलेक्ट्रॉन मिळाले की निळा रंग जातो. तो गेला. सहाही नळ्यांमध्ये गेला. परीक्षक हसून म्हणाले, "मॅडम, हे जिवंत म्हणायचं की मेलेलं?" आणि त्या रंगाच्या प्रयोगावर त्यांनी मुलांना गुण दिले. मुलांचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते माझं डोकं. मी खोक्याशी गेले, बर्फ उकरला. तळाला जाड्या मिठाचे खडे होते. बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही म्हणून मुलांवर ओरडणारी मी. खारट. मासळी लांब न्यायची असली की बर्फावर मीठ मारतात, बर्फ जास्त गार होतो आणि मासळी जास्त वेळ टिकते, हे मला त्या दिवशी कळलं. जन्मात मासळीच्या पाटीला हात न लावलेल्या बाईने कशाला ती उपमा द्यावी? खरं तर मासळीचंही निमित्त नको होतं. आमच्याकडे दर मे महिन्यात आइस्क्रीमचा पॉट फिरवताना बर्फात मीठ मीच घालते. पण राग आला की माणसाला जे ठाऊक असतं तेही आठवत नाही.

मावशी मागच्या खोलीतून आल्या होत्या. मी सहा मुलांसमोर आणि परीक्षकांसमोर म्हटलं, "एकवीस वर्षं इथे काढलीत, पण अजून मासळीबाजारातून बाहेर आला नाहीत."

त्यांनी खोकं उचललं आणि आत नेलं. दुपारी मी प्राचार्यांना अहवाल लिहिला: परिचराच्या निष्काळजीपणामुळे परीक्षेचा प्रयोग बिघडला. अक्षर माझं नेहमीच सुंदर असतं, त्या दिवशी तर जास्तच होतं. एप्रिल चालू होता. ऑर्डरचा विषय मे महिन्यात संस्थेच्या समितीसमोर जायचा, आणि असा कागद फायलीत असला की ऑर्डर निघत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी तो लिहिला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं, आता रडतील, कागद मागे घ्या म्हणतील. एरवी त्या माझ्याशी माझ्यासारखंच बोलायच्या. मन दुखावलेलं असलं की त्यांची गावची बोली बाहेर यायची.

"मॅडम, तुम्ही कागद दिलाव, ता मना कल्लं. ता राहू द्या," त्या म्हणाल्या. "पन त्या नल्यांत काय फुटलं, ता मना एकदा दाखवा. इतकी वर्सां नल्या धुतंय, आत काय करतात ता कदी बगलं नाय."

मी तोंडातल्या तोंडात "उद्या या" म्हटलं. उद्या रविवार होता.

रविवारी कॉलेजात आम्ही दोघीच. वॉचमनने किल्ली दिली. मावशींनी दोन खोकी बर्फ आणला होता आणि कागदाच्या पुडीत जाडं मीठ. मी म्हटलं, आज तीन प्रकारच्या नळ्या करू. एक साध्या बर्फात. दुसरी मिठाच्या बर्फात. तिसरीही मिठाच्या बर्फात, पण तिच्यात थोडी साखर विरघळवायची.

"साकर कशाला?"

"पाणी गोठलं की त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात दाटतात आणि पिशवीच्या भिंतीला झोंबतात. साखर असली की त्यांना तेवढं दाटता येत नाही. निदान पुस्तक तसं म्हणतं. मी कधी करून बघितलं नाही."

पानं मावशींनी वाटली. मी सांगत गेले आणि त्या करत गेल्या. खलबत्त्यावरचा त्यांचा हात बघून मला माझ्या हाताची लाज वाटली. मी रगडते, त्या दाबून ओढत होत्या, म्हणजे पान चिरडायचं पण तापू द्यायचं नाही. गाळताना फडकं पिळलं नाही, लोंबकळत धरलं. यातलं काही मी त्यांना शिकवलं नव्हतं. मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून त्यांनी किती बघून ठेवलं होतं कोण जाणे.

तीन तासांनी नळ्या काढल्या. मिठाच्या बर्फातल्या नळ्या कुल्फीसारख्या टणक. त्या हातात घेतल्या मात्र आणि मला आठवलं. परीक्षेच्या दिवशी, परीक्षक जिना चढत होते तेव्हा, मावशी माझ्याजवळ आल्या होत्या. "मॅडम, नळ्या पार घट्ट झाल्यात, चालेल ना?" असं त्यांनी विचारलं होतं. आणि मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं होतं, "हो हो, नळाखाली धरा, वितळतील." शब्दन्‌शब्द आठवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नळ्या पुसत होत्या. त्यांना हे आठवत नव्हतं असं होणं शक्य नाही. पण काल त्यांनी ते काढलं नाही, आजही काढलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर पहिलं तेच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं असतं.

आधी निळा रंग घातला. तिन्ही नळ्यांमध्ये तो गेला. मावशी वाकून बघत होत्या. निळं पाणी फिकं होत होत नुसतं पालकाचं हिरवं उरलं, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "हा कुटं गेला?" एकवीस वर्षं त्या या रंगाची बाटली भरून ठेवत होत्या, आणि तो निळा रंग जाताना त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला.

मग मीटर. साध्या बर्फातली नळी, दिवा लावला, आकडा वर सरकला. मावशींनी न सांगता दिवा विझवला आणि आकडा खाली येताना बघितला. परत लावला. परत विझवला. पाच वेळा. मग मिठाच्या बर्फातली नळी, आकडा ढिम्म. मग साखरेची. ती गोठलेली होती, तितकीच टणक झाली होती, पण दिवा लावला आणि आकडा सरकला. पहिल्याइतका नाही, पण सरकला. मी टाळी वाजवली. पुस्तकात वाचलेलं खरं निघालं याचा इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मी फळ्यापाशी गेले आणि नेहमीचे बाण काढले. पिशवी, आतली गर्दी, बाहेर पडायची एकच वाट, वाटेतलं यंत्र. मग सांगायला लागले, की मिठाच्या बर्फाने भिंत मोडली नाही, ती तिथेच आहे, हिरवा रंग तिथेच, इलेक्ट्रॉनही पळताहेत, म्हणून तर निळा रंग गेला, पण...

"पन बांधाला बिलां परली," मावशी म्हणाल्या.

मी खडू खाली ठेवला.

त्यांनी मला समजावलं. त्यांच्या बापाच्या मिठागरात भरतीचं पाणी आत घ्यायचे आणि बांधाच्या मागे कोंडून ठेवायचे. पाणी सोडायला एकच लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. आत पाणी चढलेलं असलं आणि उघाडी काढली की पाणी अशा जोराने निघतं की पोरं त्यात पाय रोवून उभी राहू शकत नाहीत. पण खेकडे बांध पोखरतात. बोटाएवढी बिळं, वरून दिसतही नाहीत. "बांध हाय, पानी येतंय, उघारी पन हाय," त्या म्हणाल्या. "पन आत पानी ऱ्हातच नाय, बिलांतशी निंगून जातं. मंग उघारीवर जोर कुटशी येल? बाप रोज सांजचा बांधावर चालत जायाचा, नुसती बिलां बुजवाया."

माझ्या बाणांमध्ये सगळं होतं, फक्त तो जोर नव्हता. परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तरही यात होतं. गाळ मेला नव्हता. राबत होता, पण त्याच्या हाती काही साठत नव्हतं. मी ते तसंच्या तसं माझ्या नोंदींच्या वहीत लिहून घेतलं आणि मावशींना म्हटलं, "हे मी वर्गात सांगणार, तुमचं नाव घेऊन." त्या म्हणाल्या, "नाव राहू द्या, खेकडा सांगा." आणि नळ्या धुवायला गेल्या.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले. अहवाल मागे घ्यायचाय म्हटलं. ते म्हणाले, तो पुढे गेलाय, आता मागे येत नाही, हवं तर नवा द्या. मी नवा दिला. मासळीच्या बर्फाची उपमा माझी होती, नळ्या गोठल्याचं परिचराने मला वेळेवर सांगितलं होतं आणि मी ऐकूनही दुर्लक्ष केलं, असं लिहिलं. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. "याचा अर्थ परीक्षेच्या कामात हलगर्जी तुमची," ते म्हणाले, "कळतंय ना?" मी म्हटलं, "माझीच होती सर."

मे महिन्यात समितीने आम्हा दोघींना बोलावलं. माझा कागद वाचून झाल्यावर एका सदस्याने मावशींना विचारलं, "मग तुमची काहीच चूक नाही?"

आता "नाही" म्हटलं की प्रश्न मिटत होता. मी मनातल्या मनात त्यांना तेच सांगत होते. मावशी म्हणाल्या, "मीठ मी टाकलं. मॅडमनी मीठ टाका सांगितलं नव्हतं. आता मला माहितीये मिठाने काय होतं, परत नाही टाकणार."

"काय होतं?" दुसऱ्याने थोडं गमतीने विचारलं.

त्यांनी सांगितलं. बांध, बिळं, उघाडी, पानातली पिशवी, सगळं. साखरेचंही सांगितलं. त्या समितीत दोन जण खाडीकाठच्याच गावांतले होते, ते मान हलवत होते. तिथे मी एक शब्द बोलले नाही आणि मला इतका अभिमान वाटत होता, जणू माझीच मुलगी व्यासपीठावर उभी होती.

ऑर्डर जूनमध्ये निघाली. माझ्याकडून पुढच्या वर्षीच्या परीक्षेचं काम काढून घेतलं, ते मला फारसं लागलं नाही. उलट मी जरा मिरवतच होते. आपण चूक कबूल केली, किंमत मोजली, एका चांगल्या बाईची नोकरी राखली. ऑर्डरच्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. मावशी खिडक्या धूत होत्या. त्यांनी हात पुसले, पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही.

"मॅडम, ऑर्डर आली, बरं झालं," त्या म्हणाल्या. या वेळी बोली नव्हती, माझ्यासारखंच बोलत होत्या. "तुम्ही कागद लिहिला, तोही मोठ्या लोकांसमोर. कोण लिहितं? पण तुम्ही मला बोललात ते पोरांसमोर. ते मासळीबाजाराचं. ते पोरांसमोरच परत घ्यायला पाहिजे होतं. आता पोरं पास होऊन गेली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी सगळं निस्तरलं असं धरून चालले होते, आणि जे खरोखर फाटलं होतं तिकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. समिती, अहवाल, ऑर्डर. त्यांच्या सासूची पाटी आणि त्यांची एकवीस वर्षं मी ज्यांच्यासमोर मातीत घातली, ती सहा मुलं तोच समज घेऊन घरी गेली होती.

मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि पर्समधून फोन काढला. सहाही नंबर होते. पहिल्याने उचलला नाही. दुसरी उचलून म्हणाली, "मॅडम, मी खोपटला बसच्या रांगेत आहे, आवाज येतोय का?" मी स्पीकर चालू केला. तिला सांगितलं, की परीक्षेच्या दिवशी नळ्या बिघडल्या त्या माझ्यामुळे, मावशींनी मला आधी विचारलं होतं, आणि मी तुम्हा सगळ्यांसमोर मावशींना जे बोलले ते अत्यंत वाईट होतं आणि खोटं होतं. मावशी इथे आहेत, त्यांच्यासमोर सांगतेय.

मग ती मुलगी म्हणाली, "मॅडम, ते आम्हाला त्याच दिवशी कळलेलं. मावशींनी नळ्यांचं विचारलं तेव्हा आम्ही दारातच उभे होतो. तुम्ही काय बोललात तेही ऐकलेलं. आम्ही वाट बघत होतो, तुम्ही कधी बोलताय."

मावशींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिची बस आली, तिने फोन ठेवला. मी तिसरा नंबर लावला.